आधीची चीर

प्रिय ऋतुजा,

दमा, नाही. मधुमेह, नाही. हृदयाचा विकार, नाही. भाविका एकेका चौकटीत खूण करत खाली येत होती आणि चौथ्या चौकटीपाशी तिने पेन उचलले. "पक्षाघात किंवा मेंदूचा कोणताही आजार, मागच्या चार वर्षांत," तिने वाचले. तुझी आई म्हणाली, "नाय लिही गो. पुढं चल." भाविकाचे पेन खाली आले तेवढ्यात मी कागदावर हात ठेवला. पेणच्या एसटी स्टँडसमोरचे तिचे ऑफिस तू पाहिले आहेस. खाली झेरॉक्स, वर ती. तुमची तिकिटेही तिनेच काढली होती. प्रवासाच्या विम्याचा फॉर्म ती आधी कागदावर भरून घेते आणि मग संगणकात घालते. ती आमच्या दोघांकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "काका, बहुतेक जण नाहीच लिहितात. पण नाही लिहिलं आणि तिकडे कळलं, तर उद्या काकूंचा पाय मोडला तरी कंपनी हात वर करेल. हो लिहिलं तर डोक्याचं कदाचित नाही देणार, बाकीचं देतील. तुम्ही ठरवा." मी कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि उद्या येतो म्हणालो. तुझी आई पुढे होऊन जिना उतरली. खाली आल्यावर म्हणाली, "तुमाला काय गरज होती मधी पडायची?"

हे आज सकाळी अकराला झाले. आता संध्याकाळचे साडेपाच वाजले आहेत. आई शेजारी शकूकडे मसाल्याच्या मिरच्या निवडायला गेली आहे. मी रोह्याच्या घरी, खिडकीपाशी बसलो आहे. मी तुला याआधी कधी पत्र लिहिले नाही. फोनवर आपले बोलणे "आईला देतो" एवढेच असते. लिहायची सवय मला एकाच प्रकारची आहे. धाटावच्या कंपनीत सत्तावीस वर्षे मी शिफ्टचा लॉग लिहिला. किती वाजता काय झाले, कोणी काय केले, पुढच्या शिफ्टच्या माणसाला काय माहीत असायला हवे. आपल्याला काय वाटले ते त्यात लिहायचे नसते. हे पत्रही तसेच होईल. राग आलाच तर माझा येऊ दे, तिचा येऊ देऊ नकोस.

फेब्रुवारीच्या अकरा तारखेला आई नेहमीच्या गाडीने हमरापूरला गेली. जगनकाकाच्या कारखान्यात परदेशी जाणारा माल चालू होता. शाडूच्या दीडफुटी मूर्ती, एप्रिलच्या जहाजाला द्यायच्या. तुला माहीत आहे, आखणीला येईपर्यंत मूर्ती सगळ्यांची असते. डोळे आखायला बसली की ती तुझ्या आईची. त्या दिवशी तिने सोळा मूर्ती ओळीने घेतल्या. प्रत्येकीचा एक डोळा पुरा केला. बुबुळ, त्यातला पांढरा ठिपका, कडेची तांबूस रेघ. दुसरा डोळा, तिच्या डाव्या हाताला येणारा, तिने पापणीवर सोडला आणि पुढची मूर्ती घेतली. कोणी काही म्हणाले नाही. वाटले असेल, आज वहिनी दोन फेऱ्यांत काम करते आहे. सोनी तिच्याशेजारी मुकुटांना सोनेरी लावत होती. ती म्हणाली, "वयनी, तुझा देव डोला मारतय काय गो?" सगळे हसले. आईही हसली. म्हणाली, "तुलाच मारत असंल, दुसऱ्या कोनाला मारनार?" मग सोनीने विचारले, दुसरा डोळा कधी करशील? आईने मूर्तीकडे पाहिले आणि म्हणाली, "झाले की दोन्ही."

सोनी सांगते, तिने नीट पाहिले होते. घाईने नाही. पाहून मग म्हणाली. तेव्हा हसणे थांबले. जगनने तिच्या हातातला ब्रश काढून घेतला, टेम्पोतली खोकी रस्त्यावर उतरवली आणि तिला पुढे बसवून पेणला नेले. ती वाटभर त्याला म्हणत होती, रंग सुकतील, मला कुठे नेतोस. डॉक्टर म्हणाले, लवकर आणले ते बरे केले. मेंदूच्या उजव्या बाजूला लहानशी गुठळी होती. तोंड वाकडे झाले नव्हते, हातपाय चालत होते, बोलणे स्वच्छ होते. फक्त डावीकडचे जग तिच्यासाठी थोडे कमी झाले होते आणि ते कमी झाले आहे हे तिला कळत नव्हते. मी रोह्याहून पोचलो तेव्हा दुपार झाली होती. ती खाटेवर बसून जेवत होती. ताटातला उजवीकडचा भात संपला होता. डावीकडची भाजी आणि पोळी तशीच होती. मी ताट फिरवले. ती म्हणाली, "अजून वाढलंत?" मी हो म्हणालो.

चार दिवस तिथे ठेवले. पाचव्या दिवशी घरी आणले. तुला कळवायचे नाही असे तिने मला शपथ घालून सांगितले. तुझ्या पोटातल्या बाळाची शपथ घालत होती. मी म्हणालो, माझी घाल. तिने माझी घातली. त्या आठवड्यात तिने तुला सांगितले की घसा बसला आहे. मी मागे उभा होतो आणि गप्प राहिलो.

त्यानंतर व्हिडिओ कॉलला फोन मी धरतो, तिच्या उजव्या बाजूने. तुला वाटले असेल, हा माणूस सारखा मध्ये का असतो. मार्चच्या पहिल्या रविवारी तू म्हणालीस, "आईला जरा एकटीला बोलू द्याल का?" मी फोन उशीला टेकवला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. घाईत तो डावीकडे टेकवला गेला. त्या दिवशी ती तुझ्याकडे न पाहता बोलली. ती रागावली आहे असे समजून तू लवकर फोन ठेवलास. ती रागावली नव्हती. तिला तू दिसत नव्हतीस. आवाज येतो आहे, पोरगी कुठे गेली म्हणून ती भिंतीकडे बघत होती. ती चूक माझी.

आता ती पुष्कळ बरी आहे. गोळ्या वेळेवर घेते. डावीकडे मान वळवून बघायची सवय डॉक्टरांनी लावून दिली आहे. रस्ता ओलांडताना ती मान इतकी वळवते की परवा शकू म्हणाली, "वनिताताई, नव्या नवरीसारख्या काय लाजताय?" पाडव्यानंतर ती पुन्हा हमरापूरला जाऊ लागली. मी नको म्हणालो होतो. ती म्हणाली, घरी बसून डावीकडे काय बघू, भिंत? आता ती मूर्ती फिरत्या पाटावर ठेवते. एक डोळा झाला की पाट फिरवते, दुसरा करते आणि सोनीला विचारते, "दोन झाले ना गो?" सोनी बघून म्हणते, झाले. सुरुवातीला हे विचारताना तिचा आवाज बदलायचा. आता चहात साखर घातली का असे विचारावे तसे विचारते. त्या सोळा मूर्तींचे अर्धे राहिलेले डोळे तिनेच पुरे केले. जगनने दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही.

तू त्या कारखान्यात वाढलीस, म्हणून एक गोष्ट तुला सांगायला हवी. मी तिथे प्रथम आलो तो तुझ्या वडिलांच्या वेळेला. कंपनीचा गणपती न्यायचे काम माझ्याकडे होते. प्रदीप मूर्ती दाखवायचा आणि म्हणायचा, डोळ्यांचे काही असेल तर हिला विचारा. मी कधी विचारले नाही. सहा वर्षे मूर्ती नेली, तुझ्या आईशी एक शब्द बोललो नाही. प्रदीप गेल्यानंतर दोन वर्षांनी तुझ्या आजीने जगनला माझ्याकडे रोह्याला पाठवले. पुतळीबाईंनी स्वतःच्या सुनेसाठी स्थळ विचारले. हे तुला कोणी सांगितले आहे की नाही, मला माहीत नाही. मी तुझ्या आईला तुमच्या घरातून नेले असे तुला वाटायचे. मला बोलावले होते. पण नेले, हेही खरे आहे. तू अकरा वर्षांची होतीस. वर्षभर आजीकडेच राहिलीस. पुढच्या जूनमध्ये रोह्याला आलीस तेव्हा मी कपाटाचा एक कप्पा मोकळा करून ठेवला होता. तुझे कपडे पिशवीतच राहिले. तो कप्पा मी भरला नाही, तूही भरला नाहीस. तू कॉलेजला गेल्यावर आईने त्यात गोधड्या ठेवल्या.

तू दहावीत असताना नागोठण्याला अंबा नदीचे पाणी चढले आणि तुझी पेणहून येणारी गाडी तिथेच थांबली. मी दुपारची शिफ्ट दुसऱ्याला देऊन निघालो. निम्म्या वाटेपर्यंत कंपनीची बस, पुढे पायी. तू स्टेशनात दोन मैत्रिणींबरोबर बाकावर बसली होतीस. एकीने विचारले, कोण गं हे? तू म्हणालीस, "आमच्या इथले आहेत." मला ते वाईट वाटले असेल असे तुला नंतर वाटले का, मला माहीत नाही. वाटले नव्हते. त्यात खोटे काही नव्हते आणि परके केलेलेही नव्हते. परत येताना तू माझ्यापुढे चालत होतीस. वळण आले की थांबायचीस, मी दिसलो की पुन्हा चालू लागायचीस. अशी किती वळणे झाली ती मी मोजली नाहीत. हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. तुझ्या आईलाही नाही.

आता तिकिटांचे. आईचा व्हिसा हातात आहे, तो तू डिसेंबरात करून घेतलास. भाविकाने नऊ जुलैचे विमान बघून ठेवले आहे. मुंबई ते फ्रँकफर्ट, तिथे चार तास. फ्रँकफर्ट ते टोरांटो, तिथे पाच तास. मग तुमचे हॅलिफॅक्स. परत जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. म्हणजे सहा महिन्यांना थोडे कमी. तुझी बाळंतपणाची तारीख ऑगस्टची, तेव्हा महिनाभर आधी आई तिथे असेल. भाविका तिला म्हणाली, "काकू, चाकाची खुर्ची लिहिते. चालणारेही घेतात. विमानतळावर रस्ता चुकत नाही." तुझी आई म्हणाली, "आमचे गणपती खोक्यात बसून जातात, कोनी बघत नाय. मी खुर्चीत बसून मिरवू?" भाविका म्हणाली, खुर्चीवाल्यांना रांग नसते. तेव्हा ती तयार झाली. तिला रांगेत उभे राहायला आवडत नाही हे भाविकाने बरोबर ओळखले. मागच्या आठवड्यात डॉक्टरांनी तपासून पत्र दिले आहे. प्रवासाला हरकत नाही, एकटीने नको. ते पत्र तिने भाविकाला दाखवले नाही. पर्समध्ये घडी करून ठेवले आहे. फॉर्मवर हो लिहिले की ते काढावे लागेल, म्हणूनही तिला नाही लिहायचे होते.

पेणहून आम्ही रिक्षाने हमरापूरला गेलो. मालाची खोकी भरणे चालू होते. जगन हातात यादी घेऊन उभा होता. तुला आठवत असेल, तू लहान असताना एका वर्षी परदेशी गेलेल्या मालात बारा मूर्ती फुटल्या. विमा कंपनीचा माणूस आला. त्याला एका मूर्तीच्या पाठीत बुजवून रंगवलेली जुनी चीर सापडली, यादीत ती लिहिलेली नव्हती. त्याने बाराही मूर्तींचे नाकारले. तेव्हापासून तुझ्या आईचा नियम आहे. आखणी झाली की ती मूर्तीवरून बोट फिरवते, आणि केसाएवढी जरी रेघ लागली तरी यादीत लिहायला लावते. आधीची चीर, अमुक जागी. एकदा लिहून दिली की वाटेत सोंड मोडली तर भांडता येते. आज तिने पदर खोचला आणि कामाला बसली. मी जगनला बाजूला घेऊन फॉर्मचे सांगितले. त्याला काही हळू बोलता येत नाही. तो तिथूनच ओरडला, "काय गो वयनी, देवाची चीर लिहाया लावतंस, आनि तुझी नाय लिहिनार?" तुझी आई म्हणाली, "मी काय शाडूची हाय?" तो म्हणाला, "नाय. शाडू बरी. तिला सांगितलं तर ऐकते." सोनी खाली मान घालून हसत होती. आईने पुढची मूर्ती घेतली, फिरवली, कानामागे बोट नेले आणि थांबली. "डाव्या कानामागं. बारीक हाय. लिही," म्हणाली. जगनने लिहिले. डावा कान तिला दिसला होता हे आम्हा दोघांच्या लक्षात आले, पण आम्ही एकमेकांकडे पाहिले नाही.

परतीच्या गाडीत कासू स्टेशन गेल्यावर ती म्हणाली, उद्या हो लिहा. मी बरे म्हणालो. थोड्या वेळाने म्हणाली, "पन तिला नाय कळवायचं. ती येऊ नको म्हणंल. तिला वाटंल, आई कामाला येते का कामाला लावाय येते." मी म्हणालो, ती असे म्हणणार नाही. ती म्हणाली, "तुमाला काय म्हाइत? पोटुशी बाईला भीती असते." मग बाहेर बघत म्हणाली, "मी बाळ डाव्या हातावर घेनार नाय. उजव्या हातावर घेईन. खाली बसून घेईन. एवढं मला कळतं." गाडीत समोर दोन माणसे होती म्हणून तिने डोळे पुसले नाहीत. मी तिच्या डाव्या बाजूला बसलो होतो. तिने चाचपडत हात माझ्या हातावर ठेवला. मधल्या काळात मी त्या बाजूला बसलो आहे हे ती विसरायची. आता विसरत नाही.

हे पत्र मी का लिहिले, ते आता सांगतो. विम्याचे कागद तुझ्या मेलवर येणार आहेत, कारण बोलावणारी तू आहेस. तिसऱ्या पानावर चौथ्या चौकटीत हो असे लिहिलेले असेल. ते तू आधी तिथे वाचू नयेस, एवढ्यासाठी शपथ मोडली. दुसरे कारण सोबतीचे. आईला दोन विमाने बदलायची आहेत. विमानाचे गेट डावीकडे असले तर ती त्याच्यावरून पुढे जाईल, चाकाच्या खुर्चीतून उतरवल्यावर कोणी सोबत नसले तर बसल्या जागी बसून राहील. भाविकाच्या ओळखीतल्या दिपिकाचे सासू-सासरे त्याच आठवड्यात टोरांटोला जाणार आहेत, भाविकाने विचारून ठेवले आहे. ते तिथपर्यंत आणतील, पुढे जावयाला, मितेशला, घ्यायला यावे लागेल. ही व्यवस्था पक्की होऊ शकते. दुसरी व्यवस्था म्हणजे मी. माझा पासपोर्ट आहे, आईच्या वेळीच काढला होता, कोरा आहे. व्हिसासाठी तुझे बोलावण्याचे पत्र लागते आणि दीड-दोन महिने जातात, म्हणून या आठवड्यात विचारावे लागते आहे. आईसाठी तू ते लिहिलेस तेव्हा माझे नाव घातले नव्हतेस. त्यात चूक नव्हती, मी येणार नव्हतो. त्या पत्रात नाव, जन्मतारीख, राहण्याचे दिवस आणि नाते लिहायचे असते. दिवस आठ लिही. आठ दिवसांत मी तिला तुझ्या घराची डावी बाजू दाखवून देईन. जिना कुठे संपतो, गॅसचे बटण कुठे, न्हाणीघराचे दार कुठे उघडते, पाळणा कुठे ठेवायचा. मग परत येईन. बाळंतपण तुझे आणि तिचे आहे, त्यात मी नसेन. नाते काय लिहायचे ते तू ठरव. आईचा नवरा एवढे पुरते, असे भाविका म्हणाली. आणि नको वाटले तर नको एवढे कळव, कारण लिहायची गरज नाही. मला वाईट वाटणार नाही असे लिहिणार होतो. वाटेल, पण ते माझ्यापाशी राहील. फक्त तिला येऊ नको म्हणू नकोस. ती आत्ता येऊ शकते. पुढे केव्हा येऊ शकेल, हे डॉक्टरांनी सांगितलेले नाही आणि मी विचारलेले नाही. टपालाने हे फार उशिरा पोचेल, म्हणून पानांचे फोटो काढून पाठवीन.

तब्येत जप. थंडीत मोजे घालून झोपत जा, तुझे पाय लहानपणापासून गार पडतात.

तुझाच,
दत्तात्रेय

दुसऱ्या दिवशी दुपारी, फोटो काढण्याआधी. सकाळी पत्र आईला वाचायला दिले. तिच्यामागे पाठवणे बरे वाटले नाही. तिने ओळीखाली बोट ठेवून सगळे वाचले, नागोठण्याचे दोनदा वाचले. शपथ मोडली म्हणून मला चहा दिला नाही, स्वतःपुरता केला आणि प्याली. मग म्हणाली, "आठ दिवसांत काय हुतं? नुसतं विमान बघाय जाता काय?" मी म्हणालो, ते ऋतुजाने ठरवायचे. ती म्हणाली, "मग माझ्या तिकिटाचं कोन ठरवनार?" सव्वानऊच्या गाडीने आम्ही पेणला गेलो. भाविकाने चौथ्या चौकटीत हो लिहिले, आईने पर्समधून डॉक्टरांचे पत्र काढून दिले. नऊ जुलैची दोन तिकिटे काढली. माझे रद्द करता येणारे घेतले, आईचे रद्द न होणारे. भाविका म्हणाली, "काका, लोक उलटं करतात. आजाऱ्याचं तिकीट रद्द होणारं ठेवतात." मी म्हणालो, असेच कर. तिने तसे केले.